मासाशन, रेशन कार्ड आणि मालमत्तेची अट: सीमाभागातील दिव्यांग कुटुंबांसाठी मार्गदर्शक

कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात दिव्यांग व्यक्तीच्या मासाशनाचा, म्हणजे दरमहा मिळणाऱ्या सरकारी निवृत्तिवेतनाचा, विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. "आमच्या नावावर शेत आहे, आम्हाला काही मिळायचे नाही," हे पहिले. "शेत भावाच्या नावावर करून टाका, मग मिळेल," हे दुसरे. पहिल्या समजुतीमुळे पात्र माणूस अर्जच करत नाही आणि दुसरा सल्ला ऐकून तो आयुष्यभराचा आधार हातचा घालवतो. पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्या कुटुंबाने कोणत्या क्रमाने पुढे जावे, कुठे मालमत्ता पाहिली जाते आणि कुठे पाहिली जात नाही, हे या लेखात सविस्तर मांडले आहे.

सुरुवात दाखल्यापासून

कोणत्याही अटीचा विचार करण्याआधी दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, काढावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे धरलेली आहेत आणि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. अर्ज ऑनलाइन होतो. तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात बोलावले जाते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ते काम बिम्सच्या, म्हणजे बेळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, रुग्णालयात चालते. कार्डाचा रंग टक्केवारीनुसार असतो: ४० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास पांढरा, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळा, ८० आणि त्याहून अधिक असल्यास निळा. या टक्केवारीला पुढे महत्त्व येते, कारण राज्याच्या मासाशनात ७५ टक्क्यांच्या वर रक्कम वाढते, तर केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेतील दरमहा ३०० रुपयांच्या वाट्यासाठी ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब अशा दोन्ही अटी आहेत.

ग्रामपंचायतीकडे ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता नेमलेला असतो आणि तो बहुधा स्वतः दिव्यांग असतो. अर्ज भरण्यासाठी एजंटाला पैसे देण्यापूर्वी त्याला भेटावे.

प्रत्येक योजनेला तोच प्रश्न वेगळा विचारावा

"आम्ही गरीब ठरतो का?" या प्रश्नाला सरकारी कार्यालयात एकच एक उत्तर नसते. प्रत्येक योजना वेगळी गोष्ट मोजते, म्हणून दर वेळी तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात: उत्पन्न मोजले जाते की मालमत्ता, ती एकट्या अर्जदाराची की पूर्ण कुटुंबाची, आणि कोणत्या कागदावरून.

राज्याच्या दिव्यांग मासाशनासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३२,००० रुपये आहे. २०१६ च्या कायद्याचे कलम २४ देखील दिव्यांग निवृत्तिवेतनाबाबत उत्पन्नाच्या मर्यादेचा उल्लेख करते. मालमत्तेच्या मर्यादेचा करत नाही. म्हणजे नावावर दोन एकर शेत आहे एवढ्यावरून कोणी अपात्र ठरत नाही. त्याच कलमात असेही म्हटले आहे की दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्क्यांनी जास्त असावे, आणि हे किती ठिकाणी पाळले जाते हा प्रश्न संघटनांनी सातत्याने विचारायला हवा.

कुटुंबप्रमुख स्त्रियांसाठीच्या राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा २,००० रुपये एपीएल (दारिद्र्यरेषेवरील) कार्ड असलेल्या घरालाही मिळतात. तेथे कुटुंबप्रमुख स्त्री किंवा तिचा पती आयकर भरणारा किंवा जीएसटी विवरण देणारा नसावा, इतकेच पाहिले जाते. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते आणि तीही फक्त गरिबांसाठी राखलेली नाही. उलट प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात अडीच एकर बागायत किंवा पाच एकर जिरायत जमीन असली, अथवा किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असली, तरी नाव वगळले जाते. सहा एकर जिरायत असलेले एखादे कुटुंब घरकुलासाठी अपात्र आणि बीपीएल (दारिद्र्यरेषेखालील) कार्डासाठी पात्र असू शकते, ते यामुळेच. एका ठिकाणी नकार मिळाला म्हणून दुसरीकडे जायचे सोडू नये.

उत्पन्नाचा दाखला

हा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे अटलजी जनस्नेही केंद्रातून, किंवा 'ग्राम वन' या गावातील सरकारी सेवा केंद्रावरून अर्ज करून मिळतो आणि तो पाच वर्षे चालतो. तलाठी चौकशी करताना शेती, मजुरी, भाडे, दूध, व्याज अशा सगळ्या मार्गांनी येणारे पैसे धरतो. आपली जमीन येथे मालमत्ता म्हणून मोजली जात नाही. तिच्यातून निघणारे उत्पन्न मोजले जाते. त्यामुळे पडीक, वाटेकऱ्याला दिलेल्या किंवा पुराखाली जाणाऱ्या जमिनीची वस्तुस्थिती चौकशीच्या वेळीच सांगावी आणि जमल्यास लेखी द्यावी. एकदा आकडा संगणकात गेला की तो बदलून घेणे फार कष्टाचे असते.

३२,००० ही मर्यादा आजच्या मजुरीच्या मानाने अतिशय तोकडी आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. घरात एकच मजूर वर्षभर कामाला गेला तरी ती ओलांडली जाते. तरीही एका अर्जात एक आकडा आणि दुसऱ्या अर्जात दुसरा असे करू नये. रेशन, मासाशन, शिष्यवृत्ती यांची माहिती आता 'कुटुंब' या राज्याच्या माहितीसाठ्यात आधार क्रमांकाने जोडलेली आहे आणि विसंगती दिसली की आधी लाभ थांबतो, चौकशी मागाहून होते. योग्य मार्ग हा की कुटुंब म्हणजे कोण, ते कागदावर बरोबर असावे. लग्न होऊन वेगळा संसार करणाऱ्या भावाचे नाव अजून आपल्याच रेशन कार्डावर असेल, तर त्याची कमाई आपल्या खात्यात धरली जाण्याचा धोका असतो.

रेशन कार्ड: मालमत्तेची खरी अट येथे आहे

आपल्या भागातील बहुतेक लाभांचा रस्ता बीपीएल कार्डावरून जातो, आणि कर्नाटकात हे कार्ड देताना मालमत्ता पाहिली जाते. निकष थोडक्यात असे आहेत: वार्षिक उत्पन्न १ लाख २० हजार रुपयांपेक्षा जास्त नसावे, ग्रामीण भागात तीन हेक्टरपेक्षा जास्त जिरायत किंवा तितक्याच तोलाची बागायत जमीन नसावी, शहरी भागात एक हजार चौरस फुटांपेक्षा मोठे स्वतःचे पक्के घर नसावे, खासगी वापराचे चारचाकी वाहन नसावे, आणि घरात आयकर भरणारा किंवा कायम सरकारी नोकर नसावा. दूरचित्रवाणी संच, फ्रीज किंवा दुचाकी यांचा या निकषांत समावेश नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये तत्कालीन अन्न व नागरी पुरवठा मंत्री उमेश कत्ती यांनी बेळगावात बोलताना अशा वस्तू असणाऱ्यांनी बीपीएल कार्डे परत करावीत असे विधान केले होते. त्यावर गदारोळ झाला आणि तो निकष अमलात आला नाही. तरीही आजतागायत काही घरांत दुचाकीमुळे अर्ज केला जात नाही, म्हणून हे मुद्दाम नोंदवीत आहे.

जमिनीचे मोजमाप आधी पाहू. तीन हेक्टर म्हणजे सुमारे ७ एकर १६ गुंठे. खानापूर तालुक्यात किंवा बेळगावच्या पश्चिम भागात एवढी जमीन एका संसाराच्या वाट्याला क्वचितच असते. अडचण येते ती सामाईक उताऱ्यामुळे. समजा आरटीसी उताऱ्यावर (कर्नाटकातील सातबाऱ्यावर) आजोबांच्या नावाने नऊ एकर आहेत, आजोबा वारले आहेत, तीन भाऊ वेगवेगळे राहतात आणि त्यांतील एकाच्या घरी दिव्यांग मुलगी आहे. त्या घराच्या वाट्याला प्रत्यक्षात तीनच एकर येतात, पण कागद नऊ एकर दाखवतो. अशा वेळी आधी वारसा नोंद करून घ्यावी, मग भावाभावांत वाटणी ठरवून तिची नोंदणी करावी, मोजणी करून ११ ई नकाशा (वाटणीनंतरच्या हिश्शांचा सरकारी नकाशा) घ्यावा आणि प्रत्येकाचा उतारा स्वतंत्र करावा. यात वेळ जातो, बहिणींची संमती लागते, कारण २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतकाच हक्क आहे, आणि जुने वाद वर येतात. पण ही दुरुस्ती एकदा झाली की रेशन कार्ड, पीक विमा, कर्ज अशा सगळ्या ठिकाणी उपयोगी पडते. २०२४ पासून आरटीसी उताऱ्यांना आधार जोडण्याची मोहीम सुरू असल्याने उताऱ्यावरील चूक आता तलाठ्याच्या वहीत दडून राहत नाही. वाटणी होईपर्यंत अर्ज थांबवू नये. खातेदारांची संख्या आणि आपला वाटा दाखवणारे प्रतिज्ञापत्र अर्जाला जोडावे.

बागायत किती एकरांना जिरायतीच्या तीन हेक्टरांच्या बरोबरीची धरली, हे अधिकाऱ्याला लेखी विचारावे. उताऱ्यावर विहीर किंवा कूपनलिकेची नोंद असते आणि ती कोरडी पडून वर्षे झालेली असतात. अशा जमिनीची नोंद जिरायत करून घेण्यासाठी अर्ज करता येतो.

घराच्या बाबतीत बेळगावातील वडगाव, शहापूर, खासबाग या विणकर वस्त्यांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे एकाच छपराखाली माग आणि संसार दोन्ही असतात, आणि मोजमापात मागाची जागा धरली की हजार चौरस फूट सहज पार होतात. निकष राहत्या घराचा आहे, उपजीविकेच्या जागेचा नाही, असे माझे ठाम मत आहे. महापालिकेच्या उताऱ्यात माग असलेला भाग वेगळा दाखवून घ्यावा, वीजजोडणी वेगळी असल्यास तिचे बिल जोडावे आणि पाहणीच्या वेळी घरातल्या जाणत्या माणसाने हजर राहावे.

वाहनाच्या अटीतून उपजीविकेसाठी चालवलेला ट्रॅक्टर, टॅक्सी किंवा मॅक्सिकॅब यांसारखे एक वाहन सुटते. दिव्यांगांसाठी बाजूला जादा चाके बसवलेली दुचाकी ही मोटारगाडी नव्हे. पण संगणकावर नाव पाहून शंका घेतली जाऊ शकते, म्हणून तिच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जवळ ठेवावी. सर्वांत जास्त घोळ होतो तो विकलेल्या गाडीचा. व्यवहार झाला, पैसे मिळाले, गाडी गेली, पण नोंदणी आपल्याच नावावर राहिली, तर कागदोपत्री गाडी आपलीच. गाडीचा क्रमांक केए २२ असो, केए २३ असो की कोल्हापूरचा एमएच ०९ असो, वाहनांचा माहितीसाठा देशभर एकच आहे. नावबदल ताबडतोब करून घ्यावा.

आयकराबाबतही एक खबरदारी आहे. वाहनकर्ज किंवा व्यवसायकर्ज मिळावे म्हणून अनेकजण शून्य कराचे विवरणपत्र भरतात आणि मग यादीत त्यांचे नाव करदाता म्हणून दिसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यात मोठ्या प्रमाणावर बीपीएल कार्डे रद्द झाली किंवा एपीएलमध्ये बदलली गेली. नंतर आयकर भरणारे आणि सरकारी कर्मचारी वगळता इतरांची कार्डे पूर्ववत करण्याचा आदेश निघाला. आपण विवरण भरले आहे पण कर भरलेला नाही, हे दाखवणारी पावती जपून ठेवावी.

कार्ड गेले तर नुकसान फक्त तांदळाचे होत नाही. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, तर एपीएल कुटुंबाला ठरलेल्या खर्चाच्या ३० टक्केच मदत मिळते आणि तीही दीड लाखाच्या मर्यादेत. ज्या घरात वारंवार शस्त्रक्रिया किंवा दीर्घ उपचार लागतात, त्या घरासाठी हा फरक फार मोठा आहे. उपजीविकेचे खात्रीचे साधन नसलेल्या घराचा प्रमुखच दिव्यांग असेल, तर साध्या बीपीएल कार्डावर न थांबता अंत्योदय कार्डासाठी अर्ज करावा; त्या योजनेच्या निकषांतच अशा घरांचा उल्लेख आहे आणि तिच्यात महिन्याला ३५ किलो धान्य मिळते.

बँकेतील ठेव

ठेवींवर थेट मर्यादा घालणारी आपल्याकडची ठळक योजना म्हणजे ६५ वर्षांवरील वृद्धांसाठीची संध्या सुरक्षा. तिच्या नियमांत पती-पत्नींच्या मिळून ठेवी १०,००० रुपयांपेक्षा जास्त नसाव्यात अशी अट आहे. अमेरिकेतील पूरक सुरक्षा उत्पन्न योजनेतही अशीच अट आहे. तेथे एकट्या व्यक्तीसाठी २,००० आणि जोडप्यासाठी ३,००० डॉलरची मर्यादा १९८९ पासून बदललेली नाही, मात्र राहते घर आणि एक वाहन त्यातून वगळलेले आहे. अशा मर्यादा वर्षानुवर्षे जागच्या जागी राहिल्या की अंत्यसंस्कारापुरती शिल्लक बाळगणारा म्हातारा माणूसही अपात्र ठरतो, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

दिव्यांग मासाशनासाठी मात्र कसोटी उत्पन्नाची आहे. आई-वडिलांनी दिव्यांग मुलाच्या नावाने ठेव ठेवली तर ठेवीवर मिळणारे वार्षिक व्याज उत्पन्नात धरले जाऊ शकते, मूळ रक्कम नव्हे. हलगा-मच्छे बायपाससारख्या रस्त्यांसाठी जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या खात्यात एकदम मोठी रक्कम येते आणि तिच्या व्याजामुळे पुढच्या वर्षी उत्पन्नाचा आकडा बदलतो. भूसंपादनाचा निवाडा आणि भरपाईची कागदपत्रे जपून ठेवावीत, म्हणजे ही रक्कम जमिनीचा मोबदला आहे, दरवर्षीची कमाई नव्हे, हे दाखवता येते. कर लागू होत नसेल तर बँकेला तसे स्वघोषणापत्र दरवर्षी द्यावे, नाहीतर व्याजावर कर कापला जातो आणि आपले नाव करदात्यांच्या नोंदीत येण्याची शक्यता वाढते.

मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करण्यापूर्वी

हा भाग सावकाश वाचावा. बक्षीसपत्र नोंदवून एकदा जमीन दिली की ती परत मिळवणे जवळजवळ अशक्य असते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास रद्द करून घेण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाता येते. पण ते संरक्षण साठ वर्षांवरील व्यक्तींनाच आहे. तीस वर्षांच्या दिव्यांग तरुणाने मासाशनासाठी आपला वाटा चुलत्याला लिहून दिला, तर त्याला हा मार्ग उपलब्ध नाही. दरमहा मिळणाऱ्या थोड्या रकमेसाठी कायमची जमीन सोडणे हा तोट्याचा व्यवहार आहे, आणि वर पाहिल्याप्रमाणे बहुतेक वेळा त्याची गरजही नसते.

शिवाय खोटी माहिती देऊन दिव्यांगांसाठीचा लाभ घेणे किंवा घेण्याचा प्रयत्न करणे हा २०१६ च्या कायद्याच्या कलम ९१ खाली गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आपल्या पश्चात मुलाचे काय, ही चिंता खरी आहे. त्यासाठी नातेवाइकाच्या तोंडी शब्दावर विसंबू नये, मृत्युपत्र करावे. बौद्धिक दिव्यांगत्व किंवा राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली येणारे दुसरे दिव्यांगत्व असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घ्यावा. पालकाला मुलाच्या मालमत्तेचा हिशेब समितीला द्यावा लागतो. घरातल्या कोणाला दिलेल्या शब्दाला असा हिशेब कोणी मागत नाही.

सीमेच्या दोन्ही बाजूंची कागदपत्रे

आपल्या घरी मराठी वाहिन्या आणि वृत्तपत्रे येतात, त्यामुळे महाराष्ट्राच्या योजनांची माहिती आधी पोहोचते. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, पण त्यासाठी महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचे वास्तव्य लागते. निपाणीत किंवा येळ्ळूरमध्ये राहून ती मागता येत नाही. सीमाभागातील ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने २०२३ मध्ये जाहीर केलेली आरोग्य योजना वेगळी आहे आणि तिच्यामुळे कर्नाटकातील रेशन कार्डावर परिणाम होण्याचे कारण नाही. दोन राज्यांत दोन रेशन कार्डे मात्र ठेवू नयेत. आधारमुळे ती उघडकीला येतात आणि मग दोन्ही अडचणीत सापडतात.

चंदगड, गडहिंग्लज किंवा कागल तालुक्यात सातबारा असलेली अनेक कुटुंबे इकडे राहतात. अर्जात कुटुंबाची जमीन विचारली असेल तर तीही लिहावी. तीन हेक्टरांच्या आत बसत असेल तर लिहून काही बिघडत नाही, आणि बसत नसेल तर लपवलेली जमीन पुढे वसुलीचे कारण होते.

नकार आला तर

अर्ज देताना 'सकाल' योजनेचा, म्हणजे सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत देण्याच्या कर्नाटकातील योजनेचा, १५ अंकी पोच क्रमांक मागून घ्यावा. ठरलेल्या मुदतीत काम झाले नाही तर २०११ च्या 'सकाल' कायद्यानुसार अपील करता येते आणि दिवसाला २० रुपयांप्रमाणे, जास्तीत जास्त ५०० रुपये, भरपाईही मागता येते. रक्कम किरकोळ आहे, पण मुदतीचा धाक लागू होतो. नकार किंवा कार्ड रद्द झाल्याचे कारण तोंडी ऐकून परत येऊ नये. कोणता निकष, कोणत्या नोंदीवरून लावला, हे माहिती अधिकारात लेखी मागावे. उत्तरात बहुतेकदा एक नेमकी नोंद सापडते, एखादा जुना उतारा किंवा गाडीचा क्रमांक, आणि तीच दुरुस्त करायची असते. रेशनविषयीची तक्रार अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम १५ खालील जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करता येते.

तक्रार मराठीत देण्याचा हक्क आपल्याला संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने दिलेला आहे. केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते. मूळ तक्रार मराठीत सही करून द्यावी आणि काम लवकर व्हावे म्हणून सोबत कन्नड भाषांतर जोडावे. कन्नडमध्ये भरलेल्या कोणत्याही अर्जावर सही किंवा अंगठा करण्यापूर्वी उत्पन्न, जमीन आणि कुटुंबातील माणसे हे तीन रकाने वाचून घ्यावेत, आणि भरलेल्या अर्जाची प्रत घरच्या फायलीत लावावी.